गोळीला चुंबक का चिकटला नाही?

सोमवार हा आमच्या शाळेत निळ्या गोळीचा वार. सहावीपासून पुढच्या मुला-मुलींना लोह आणि फॉलिक ॲसिडची ती गोळी खिचडीनंतर द्यायची, समोर गिळायला लावायची आणि रजिस्टरला खूण करायची. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. सहावीतल्या एका मुलीची कंपासपेटी बाकावरून खाली पडली आणि पट्टी, करकटक, पेन्सिलीच्या तुकड्यांसोबत एक कागदाची पुडी उघडी पडली. आत आठ निळ्या गोळ्या. कडेचा रंग गेलेल्या, म्हणजे गालात धरून नंतर नळावर जाऊन काढलेल्या.

मी चिडलेच. कारण शाळेतल्या आरोग्य तपासणीत जिचं हिमोग्लोबिन कमी निघालं होतं, तीच ही मुलगी. प्रार्थनेला उभी राहिली की मधेच खाली बसायची. तिच्या आईला बोलावून मी स्वतः सांगितलं होतं की काळजी करू नका, गोळी आम्ही आमच्यासमोर देतो. रजिस्टरला तिच्या नावापुढे आठ आठवड्यांच्या खुणा होत्या, माझ्याच हाताच्या.

"का नाही खाल्ल्या?" विचारलं तर आधी मान खाली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, यात लोह नाहीच ओ. मी चुंबक लावून बघितलंय. चिकटंना."

आता हे उत्तर ऐकून रागवावं का शाबासकी द्यावी, तुम्हीच सांगा. त्याच महिन्यात मी 'चुंबकाची गंमत' हा पाठ घेतला होता आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: ज्यात लोह असते ते चुंबकाला चिकटते. माझंच वाक्य. तिने ते खरं मानलं आणि तपासून पाहिलं. गोळी चिकटली नाही, म्हणजे गोळी खोटी. तर्कात कुठेही चूक नव्हती. चूक होती ती फळ्यावर.

गोष्ट इथेच संपली असती तर एक वाक्य दुरुस्त करून मी मोकळी झाले असते. पण ती पुढे म्हणाली, "आणि गंज चिकटतो, त्याला तुम्ही फुली मारलीय."

मी तिची वही काढली. 'चुंबकाला चिकटणारे पदार्थ' या यादीत तिने लिहिलं होतं: खिळा, टाचणी, विळा, ओढ्यातली काळी वाळू, गंज. शेवटच्या शब्दावर माझी लाल फुली आणि शेजारी शेरा, 'गंज चिकटत नाही'. दुसऱ्या दिवशी तिने घरच्या जुन्या फाळावरून खरवडून पुडीभर गंज आणला. आमच्याकडे फुटक्या स्पीकरमधून काढलेला एक गोल चुंबक आहे, कागदाखाली तो फिरवला. निम्मा गंज मिशीसारखा उभा राहिला आणि चुंबकामागे पळू लागला. निम्मा जागचा हलला नाही.

वर्गात एकदम शांतता. मुलं चुंबकाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

त्या रात्री मी मोबाइलवर वाचत बसले. गंज, लोहाची ऑक्साइडं, चुंबकत्व असं शोधत गेले आणि एक फार आकर्षक गोष्ट हाती लागली. काही पदार्थांत प्रत्येक अणू छोटा चुंबक असतो, पण शेजारशेजारचे अणू उलट दिशेला तोंड करून असतात, त्यामुळे सगळं वजाबाकी होऊन शून्य. याला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात, इंग्रजी नाव अँटिफेरोमॅग्नेटिझम. आणि अशा पदार्थाचे कण अतिशय बारीक, म्हणजे काही नॅनोमीटरचे केले की ही वजाबाकी पूर्ण होत नाही आणि थोडं चुंबकत्व उघडं पडतं. मला वाटलं, सापडलं! दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी जोशात सांगून टाकलं की गंजाचे कण बारीक असतात म्हणून तो चिकटला.

ही माझी दुसरी चूक. पहिली अज्ञानातून झाली होती, ही अर्धवट वाचनातून. दुसरी जास्त वाईट, असं मला अजून वाटतं, कारण ती ऐकायला छान लागते.

माझा बी.एस्सी.चा एक वर्गमित्र पुढे संभाजीनगरला फेराइटवर पीएचडी करून प्राध्यापक झाला. मराठवाड्यातल्या भौतिकशास्त्राच्या विभागांत फेराइट हा जुना आणि लाडका विषय, तुमच्याही ओळखीत असा एखादा 'फेराइटवाला' निघेल. त्याला फोन करून मी माझं स्पष्टीकरण ऐकवलं. तो हसला नाही, एवढंच विचारलं, "कणांचा आकार मोजलास का? आणि पुडीत नुसता गंजच आहे हे कशावरून?"

कशावरूनच नाही.

त्याने सांगितलं ते आम्ही दोन दिवस केलं, आणि कुठल्याही शाळेत ते करता येईल. चुंबकाला चिकटलेला गंज वेगळा केला आणि भिंगाखाली पाहिला. त्यात चमकणारे बारीक तुकडे होते, म्हणजे न गंजलेलं लोखंड, खरवडताना फाळातून निघून आलेलं. काही काळे कण होते. गंजाच्या आतल्या बाजूला लोखंडाला लागून पुष्कळदा काळा थर असतो, त्यात मॅग्नेटाइट असतं. ओढ्यातल्या काळ्या वाळूत जे चुंबकाला चिकटतं तेही मुख्यतः तेच, आपल्या काळ्या दगडातून झिजून आलेलं. मग आम्ही दुसरा गंज घेतला. छपराच्या जुन्या पत्र्यावरची वरवरची पिवळी-तपकिरी भुकटी ओल्या फडक्याने अलगद टिपली, पाण्यात ढवळली, जड कण खाली बसू दिले आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या ताटलीत ओतून उन्हात वाळवलं. या भुकटीखालून चुंबक फिरवला. जवळजवळ काहीच नाही.

म्हणजे गंज चिकटतही नाही आणि चिकटतोही. 'गंज' ही एक वस्तूच नाही, ते मिश्रण आहे. पत्र्यावरच्या पिवळ्या-तपकिरी गंजात गोएथाइट नावाचं खनिज असतं, ते प्रतिलोहचुंबकीय. गेरूत हेमॅटाइट असतं, तेही त्याच घराण्यातलं. तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू कागदावर पसरून खालून चुंबक फिरवा, ढिम्म हलत नाही. पण त्यात चिमूटभर मॅग्नेटाइट मिसळलं तर? एक ग्रॅम मॅग्नेटाइटचं चुंबकत्व एक ग्रॅम हेमॅटाइटच्या साधारण दोनशेपट असतं. म्हणजे दोनशे दाण्यांत एक दाणा भेसळ असली तरी निम्मं चुंबकत्व त्या एकाच दाण्याचं. मित्र म्हणाला की प्रयोगशाळेतही हीच डोकेदुखी असते. नॅनोकणांत चुंबकत्व दिसलं रे दिसलं की आधी भेसळ शोधायची, मग आनंद करायचा.

मग आकाराची ती गोष्ट खोटी होती का? नाही. ती खरी आहे, फक्त माझ्या पुडीला लागू नव्हती. खलबत्त्यात आपण कितीही कुटलं तरी कण मायक्रोमीटरच्या घरात राहतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पत्र्यावरच्या गंजाचे स्फटिक निसर्गतःच इतके लहान असू शकतात, पण तेव्हाही उघडं पडणारं चुंबकत्व एवढं थोडं असतं की स्पीकरच्या चुंबकाने भुकटी उभी राहत नाही. ते मोजायला नाजूक यंत्र लागतं.

आता वर्गाला काय सांगायचं? फुली मारून झाली, चुकीचं सांगून झालं. तिसऱ्यांदा मी मुलांना सरळ मैदानावर नेलं.

सगळ्यांना प्रार्थनेला उभे राहतो तसं एका दिशेला तोंड करून उभं केलं. हे लोखंड. प्रत्येक मूल म्हणजे एक अणू आणि त्याचं तोंड म्हणजे त्याच्या इवल्याशा चुंबकाची दिशा. सगळे एकीकडे, म्हणून जोर एकत्र येतो. (खऱ्या खिळ्यात असे अनेक गट असतात आणि चुंबक जवळ आला की ते एका दिशेला वळतात, पण सहावीला एवढं पुरे.) मग म्हटलं, मधली सुट्टी! मुलं वाट्टेल तिकडे पळाली. ही आपली निळी गोळी. तिच्यात लोह आहे, अणूंची तोंडंही आहेत, पण ते लोह क्षाराच्या रूपात आहे. अणू एकमेकांपासून सुटे, प्रत्येकाचं तोंड भलतीकडे. चुंबक जवळ आणला की किंचित ओढ लागते, पण डोळ्याला दिसेल इतकी नाही. ती मुलगी पळता पळता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं गोळीचा निकाल तिथेच लागला.

तिसरी रचना सगळ्यात मजेची. फक्कीने पाच बाय पाच चौकटी आखल्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या. नियम एकच: तुझ्या चारी शेजाऱ्यांची तोंडं तुझ्या उलट हवीत. एक पूर्वेकडे, तर पुढचा पश्चिमेकडे. पंचवीस मुलं शिस्तीत उभी, गोंधळ अजिबात नाही, पण गावच्या दिशेला नेमके किती? मोजलं. तेरा पूर्वेला, बारा पश्चिमेला. बारा विरुद्ध बारा कटले, उरलं एक. पंचवीसांत एक म्हणजे शंभरात चार. मग तीन बाय तीन केलं, नऊ मुलं. पाच विरुद्ध चार, उरलं एकच, पण आता ते नवांत एक, म्हणजे शंभरात अकरा. पंधरा बाय पंधरा करायला आमच्या शाळेत तेवढी मुलं नाहीत. ते फळ्यावर केलं: ११३ विरुद्ध ११२, सव्वादोनशेंत एक, शंभरात अर्धाही नाही.

चौकोन लहान होत गेला तशी उरणाऱ्याची किंमत वाढत गेली. प्रतिलोहचुंबकीय कणाचा आकार आणि चुंबकत्व यांचं नातं मुळात हेच आहे.

एका मुलाने लगेच पकडलं. "चार बाय चार घेतलं तर आठ-आठ, शून्यच की!" खरं आहे. मी पुन्हा अडकणार होते, पण या वेळी तयारी होती. खरा कण फक्कीने आखलेला चौकोन नसतो. त्याच्या कडा तुटक्या असतात, कोपरे गळालेले असतात, मधेच एखादी जागा रिकामी असते. सोळा मुलांच्या कडेवरच्या चार-पाच जणांना मी कोण कुठे तोंड करून आहे हे न बघता पाणी प्यायला पाठवलं. परत मोजलं तर सात विरुद्ध पाच. पुन्हा वेगळे पाठवले, सहा विरुद्ध पाच. बरोबरी क्वचितच झाली.

कडेला इतकं महत्त्व का, हे विटांच्या राशीवरून पटतं. एका बाजूला दहा विटा अशी घनाकार रास रचली तर हजार विटा लागतील, त्यातल्या ४८८ पृष्ठभागावर असतील. जवळजवळ निम्म्या! एका बाजूला शंभर घेतल्या तर दहा लाख विटांपैकी ५८,८०८ पृष्ठभागावर, म्हणजे शंभरात सहासुद्धा नाहीत. आतल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात, ते त्याला जागेवर धरतात. पृष्ठभागावरच्याला एका बाजूला शेजारीच नसतो. बाजूला दहा अणू म्हणजे साधारण तीन नॅनोमीटरचा कण. अशा कणात निम्मे अणू वेशीवर राहणारे. त्यांची शिस्त ढिली, दिशा तिरकी, बेरीज-वजाबाकी अर्धवट.

मुलांच्या या खेळामागे एका मोठ्या माणसाचं काम आहे. लुई नील हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ. शेजारी अणू उलट तोंडाने उभे राहत असतील ही कल्पना त्यांनी १९३० च्या दशकात मांडली, आणि चुंबकत्वावरच्या कामासाठी त्यांना १९७० चं नोबेल मिळालं. ही उलटसुलट रचना डोळ्याला दिसायला न्यूट्रॉन लागले. १९४९ साली शल आणि स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडून ती दाखवली. आपल्या राज्यात हे काम मुंबईला, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात होतं. १९८५ साली सुरू झालेल्या तिथल्या ध्रुव अणुभट्टीतून निघणारे न्यूट्रॉन वापरून पदार्थांच्या आतली चुंबकीय मांडणी तपासतात, आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनाही तिथे आपले नमुने नेता येतात. मित्र आपला नमुना घेऊन गेला होता त्याची गोष्ट अजून सांगतो, पण ती फार लांबेल.

बारीक कणांची गंमत १९५६ मध्ये मोजली गेली. रिचर्डसन आणि मिलिगन यांनी निकेल ऑक्साइडचे निरनिराळ्या बारीकपणाचे कण बनवले. निकेल ऑक्साइड हे वजाबाकीवालंच, आणि त्याची ही शिस्त मोडायला सुमारे २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावं लागतं. कण जसजसे बारीक, तसतसा त्यांचा चुंबकाला प्रतिसाद जास्त, असं त्यांना दिसलं. १९६१ साली नील यांनी त्याचं कारण मांडलं: लहान कणात दोन्ही बाजूंचे अणू नेमके सारखे नसतात, काही बिनजोडीचे उरतात. किती उरतील याचा एक अंदाज असा की उरणाऱ्यांची संख्या एकूण अणूंच्या वर्गमुळाएवढी असेल.

वर्गमूळ सहावीला अजून यायचं होतं, पण नाणी येतात. आधी मी फोडलेले चिंचोके घेतले होते. मग लक्षात आलं की चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखा पडत नाही, सारीपाट खेळलेल्या कुठल्याही आजीने हे सांगितलं असतं. म्हणून रुपयाची नाणी. शंभर वेळा उडवायचं, छापा आणि काटा यांतला फरक काढायचा. गटागटाने केलं. फरक आले ८, १४, २, १०, ६. शंभराचं वर्गमूळ दहा, फरक त्याच्याच आसपास घुटमळतो. दहा हजार वेळा उडवलं तर फरक शंभराच्या आसपास येईल. शंभरात दहा आणि दहा हजारांत शंभर: फरक दसपट झाला, पण वाटा दहा टक्क्यांवरून एक टक्क्यावर आला. (फरक नेहमी समसंख्याच का येतो, हे एका मुलीने विचारलं. ते मी घरचा अभ्यास म्हणून दिलं. तुम्हीही करून बघा.)

लहान कणाचं अजून एक आहे, ते राहून जायला नको. त्याच्या उरलेल्या चुंबकत्वाची दिशा टिकत नाही. उसाने गच्च भरलेली ट्रॉली वाऱ्याने हलत नाही, पण रिकामी पिशवी झुळकीसरशी उलटी-पालटी होते. तसंच उष्णतेमुळे अणूंची जी सततची थरथर चालते, ती मोठ्या कणाची दिशा फिरवू शकत नाही. पाच-सात नॅनोमीटरच्या कणाची मात्र सेकंदात असंख्य वेळा फिरवते. त्याला जागेवर बसवायचं तर खूप गार करावं लागतं. म्हणजे आकार कमी झाल्याने चुंबकत्व उघडंही पडतं आणि चंचलही होतं. 'लहान केलं की चुंबक तयार होतो' असं मी वर्गात म्हटलं होतं ते अर्धंच होतं.

गेरूचं प्रकरण तर आणखी नखरेबाज. हेमॅटाइटमधले उलट बाण आपल्या रोजच्या तापमानाला अगदी सरळ उलट नसतात, किंचित कललेले असतात, त्यामुळे मोठ्या कणांतही थोडंसं चुंबकत्व शिल्लक राहतं. शून्याखाली साधारण १० अंशांना ते सरळ होतात आणि शिल्लक संपते. आपल्या धाराशिवला एवढी थंडी कधी पडायची! पण कण सुमारे वीस नॅनोमीटरपेक्षा लहान असतील तर कितीही गार करा, ते सरळ होतच नाहीत. पदार्थ तोच, रासायनिक सूत्र तेच, वागणं वेगळं. आकार हाही एक गुणधर्म आहे, हे मला बी.एस्सी. होऊन इतक्या वर्षांनी एका सहावीतल्या मुलीमुळे कळलं.

नील यांनी नोबेलच्या भाषणात म्हटलं होतं की हे पदार्थ विचार करायला फार छान आहेत, पण त्यांचा काही उपयोग दिसत नाही. पुढे १९९० च्या दशकात संगणकाच्या हार्ड डिस्कवरची माहिती वाचणाऱ्या टोकात याच पदार्थांचा अतिपातळ थर बसला. शेजारच्या थराची दिशा पक्की धरून ठेवणं हे त्याचं काम. यू-डायसची माहिती भरताना शाळेचा जुना संगणक घरघर करतो तेव्हा मला आता नील आठवतात.

पण मला सगळ्यात जवळचं वाटलं ते दुसरंच उदाहरण, आणि तिथे पुन्हा ती निळी गोळी येते.

नाणी मोजून झाल्यावर तिने विचारलं, "मॅडम, मग रक्ताला चुंबक चिकटतो का?" नाही. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये एकेक सुटं बसलेलं असतं. १९३६ साली पॉलिंग आणि कोरिएल यांनी दाखवलं की ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून अगदी किंचित दूर ढकललं जातं आणि ऑक्सिजन सोडलेलं किंचित ओढलं जातं. दोन्ही इतकं कमी की हातातल्या चुंबकाने काही होणार नाही. पण शरीर जास्तीचं लोह शिल्लक ठेवतं ते वेगळ्या प्रकारे. यकृतात, प्लीहेत फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पोकळ डब्या असतात. १९३७ साली लाउफबर्गर यांनी घोड्याच्या प्लीहेतून ते पहिल्यांदा वेगळं काढलं. डबी बाहेरून १२ नॅनोमीटर, आतली पोकळी ८ नॅनोमीटर, आणि तिच्यात जास्तीत जास्त साधारण ४,५०० लोहाचे अणू. ते आत खनिजाच्या कणासारखे रचलेले असतात, आपल्या गंजाचंच एक भावंड म्हणा. आणि त्यांची मांडणी? उलटसुलट, आमच्या मैदानावरच्या पटासारखी.

४,५०० चं वर्गमूळ साधारण ६७. घोड्याच्या फेरिटिनवर प्रत्यक्ष मोजलं तेव्हा एका डबीचं उरलेलं चुंबकत्व साठ-सत्तर बिनजोडीच्या अणूंएवढंच भरलं. रुपयाच्या नाण्यांनी सांगितलेला हिशेब आपल्या यकृतात लागू पडतो! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, खरं सांगते.

याचा उपयोगही होतो. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावं लागतं, त्यामुळे शरीरात लोह साचत जातं आणि यकृताला, हृदयाला धोका होतो. ते किती साचलं हे एमआरआयने सुईशिवाय मोजता येतं, कारण साठलेल्या लोहाच्या या बारीक कणांमुळे एमआरआयचा संकेत लवकर मावळतो. आमच्या मुलीचं उलटं होतं. तिच्या डब्या भरायच्या होत्या.

मी वर्गात फळ्यावरचं जुनं वाक्य पुन्हा लिहिलं, त्यावर स्वतः फुली मारली आणि मुलांनाच म्हटलं की आता तुम्ही वाक्य करा. बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं ते असं: 'लोखंड चुंबकाला चिकटते, पण लोह असलेली प्रत्येक गोष्ट चिकटत नाही; अणू कसे उभे आहेत त्यावर ते ठरते.' एकाने 'आणि किती जण उभे आहेत त्यावर' असं जोडायला लावलं. पाठ्यपुस्तकातल्या वाक्याइतकं सुटसुटीत नाही, पण राहू दिलं. तिच्या वहीतल्या 'गंज'वरची फुली मी खोडली नाही. तिच्याशेजारी लिहिलं, 'निरीक्षण बरोबर होते, शेरा चुकला', खाली सही आणि तारीख. ती वही तिने घरी आईला दाखवली, असं नंतर आईनेच सांगितलं. त्या माऊलीला मी आठ खुणांबद्दलही सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, "कळलं ना आता, खाईल मग."

पुढच्या सोमवारी खिचडी झाल्यावर ती रांगेत आपणहून पुढे आली. गोळी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"मॅडम, यात लोहाचे अणू किती असतील?"

गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. मी फळ्यावर ६५ लिहिलं आणि म्हटलं यापुढे १९ शून्यं द्या. मुलं आळीपाळीने येऊन एकेक शून्य काढू लागली. तेराव्याला फळा संपला, उरलेली सहा भिंतीवर गेली. मग एका डबीत साडेचार हजार धरून भागाकार केला, तरी चौदावर सोळा शून्यं. "एवढ्या डब्या आहेत माझ्या पोटात?" ती म्हणाली. मी सांगितलं, गोळीतलं सगळं काही शोषलं जात नाही, थोडंच जातं, त्यातलंही बरंचसं आधी रक्त बनवायला लागतं; आणि वरून चहा प्यायलीस तर आणखी कमी. तिने गोळी टाकली, दोन घोट पाणी प्यायली आणि विचारायच्या आत तोंड उघडून दाखवलं. जीभ निळी झाली होती.